किती तोळ्यांनी वाढवलं?

“अम्मा, ह्याचं वजन किती असेल?”

असं विचारताना साहेबानं बुटाचं टोक तंबूच्या घडीला लावलं. मी पायरीवर बसले होते, तिथूनच म्हटलं, “आधी पाय काढा. ती काय सतरंजी आहे?”

त्यानं पाय काढला. नुसता पाय काढून थांबला नाही, दोन्ही बूट काढले आणि मोज्यांवर उभा राहिला. तेवढ्यानं मी जरा निवळले, नाहीतर त्या दिवशी मी जिभेला धार लावूनच बसले होते.

साहेबाचं नाव नटेशन. मद्रासकडचा माणूस. कुणी मेलं की त्याच्यामागं राहिलेल्या चीजवस्तूची किंमत काढायची आणि त्यावर सरकारचा कर बसवायचा, हे त्याचं काम. त्या काळी तसा कर होता, पुढं सरकारनंच तो उठवला. इस्टेट ड्युटी म्हणायचे त्याला. मी मेलेल्याचा कर म्हणायचे. जिवंतपणी आम्ही तिकिटामागं करमणूक कर भरत होतो तो होताच, आता मढ्यामागंही तिकीट फाडायला लागलं सरकार! हे मी साहेबाला तोंडावर ऐकवलं.

“नियम आहे, अम्मा,” तो म्हणाला. मराठी बरी होती त्याची. एकेक शब्द फडक्यानं पुसून मांडल्यासारखी.

मेला होता माझा मुलगा. रंगनाथ. चौतिशीत गेला.

घर वाईला, आणि आमचा फिरता सिनेमा होता. वाई, फलटण, म्हसवड, जिथं जत्रा भरेल तिथं मालमोटार न्यायची, तंबू ठोकायचा, मध्ये पडदा बांधायचा, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, आणि दिवेलागणीला खेळ चालू. आम्ही जातीचे शिंपी, पिसे आडनाव. हा तंबू माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या पायमशीनवर शिवला, अख्खा उन्हाळा खपून. कापडाचे जोड त्याचे, आणि दोर ओवायच्या भोकांची काजं माझ्या हातची. नवरा गेला तेव्हा रंगा एवढासा होता. तेव्हापासून गल्ल्यावर मी. शाळा मी पाहिली ती बाहेरून. वाचायला आलं ते पोस्टरवरच्या ठळक अक्षरांनी. पण गल्ल्यावर मला टोपी घालणारा अजून जन्मायचाय.

“वजन कशाला हवं?” मी विचारलं.

“कापड जुनं आहे. जुनं कापड वजनावर जातं.”

“असं होय? मग माझ्या नवऱ्याचे हातही त्यातच शिवलेत. ते कुठल्या पारड्यात टाकणार?”

माझे धाकटे दीर, दामोदर भावजी, साहेबाच्या मागं कागदांची पिशवी धरून उभे होते. ते खोकले. परवाने, कचेऱ्या, साहेबांचे मानपान हे सगळं तेच बघायचे. भिंत दिसली की दार कुठं असेल ते त्यांना आधी दिसायचं. “वहिनी,” ते हळूच म्हणाले, “त्यांना त्यांचं काम करू द्या.”

“करू दे की. मी काय खांबाला बांधलंय त्यांना?”

साहेब खाली बसला. घडीचा कोपरा उचलून त्यानं शिवण बोटानं चाचपली. “कुठे फाटला आहे?”

“कुठं नाही.”

“वादळात खांब पडून मृत्यू, असं कागदात आहे. खांब पडला आणि कापड फाटलं नाही?”

“एक टाका सुटला नाही,” मी म्हटलं. “सुटला असता तर वारं निघून गेलं असतं.”

तेवढ्यावरनं त्याला कळलं. चैत्रातली जत्रा, भर खेळात वळवाचं वारं आत शिरलं आणि तंबू फुग्यासारखा भरला. दुसऱ्या कुणाचं कापड असतं तर उभं फाटून मोकळं झालं असतं. आमचं धरून राहिलं. दोर धरून राहिले, जोड धरून राहिले, आणि शेवटी मधला खांबच मुळातनं उपटला. माणसं सगळी बाहेर काढली होती रंगानं. सिनेमाचं मशीन आणायला म्हणून तेवढा परत आत गेला.

साहेबानं शिवणीवरचं बोट उचललं, काहीतरी लिहिलं, प्रोजेक्टर पाहिला, मालमोटारीभोवती एक फेरी मारली. मग बूट घालून म्हणाला, “बरं अम्मा, मी जातो.”

“जातो म्हणू नये!” मी अंगावरच गेले त्याच्या. “ह्या घरातनं आत्ताच एक गेलाय. येतो म्हणावं.”

तो ओशाळला. “आमच्याकडेही नुसतं जातो म्हणत नाहीत. जाऊन येतो, असं म्हणतात. मला वाटलं, मराठीत चालत असेल.”

“मराठीत कुणाला चालतं? मेलेल्याला.”

“येतो, अम्मा,” तो म्हणाला. “उद्या येतो. दागिने पाहायला.”

* * *

दागिने म्हटल्याबरोबर आतल्या दाराचा पडदा हलला. पडद्यामागं शालन होती. माझी सून.

शालन बार्शीची. आई-बाप नाहीत, एक भाऊ, भास्कर, तिकडं शाळामास्तर. सहा वर्षं झाली होती लग्नाला, कूस उजवली नव्हती. मी तिला सुखानं ठेवलं असं काही मी म्हणणार नाही, आणि छळलं असं कुणी म्हटलं तर त्याची जीभ ओढीन. सासू होते, सासूसारखी वागले. तिची भाकरी एका बाजूनं कच्ची राहिली तर मी ताटातनं उचलून दारच्या कुत्र्याला घालायची. ती दुसरी भाजून आणायची. बोलायची नाही. रंगा म्हणायचा, “आई, तुझ्या एकटीच्या बोलण्यात दोघींचं बोलणं भागतं.”

रंगा गेल्यापासून एक झालं होतं. त्याचं नाव मी कुणापुढं काढू शकत नव्हते. भावजींपुढं काढलं की ते कागद काढायचे. शेजारणींपुढं काढलं की त्या डोळ्याला पदर लावायच्या, आणि मला दुसऱ्याच्या रडण्याचा तिटकारा. शालनपुढं मात्र म्हणता यायचं, “आज ताक आंबट झालंय,” आणि ती म्हणायची, “त्यांना असंच लागायचं.” बस. एवढंच. पण दिवसातनं एकदा एवढं झालं की मला भाकरी गिळायची.

आणि भास्करचं पत्र आलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात मुलींना नर्सचं शिकवतात, तिथं शालनला घालतो, घेऊन जायला येतो. पत्र मला भावजींनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, “वर्षश्राद्ध होऊ दे. मग बघू.”

बघायचं काही नव्हतं. मला तिला सोडायचं नव्हतं.

शालनचे दागिने माझ्या पेटीत असायचे आणि पेटीची किल्ली माझ्या कमरेला. सणावाराला मी काढून द्यायची, ती घालायची, दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायची. तिच्या माहेरचं कुठलं, आम्ही घातलेलं कुठलं, माझ्या सासूचं कुठलं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. घरचं ते घरचं.

त्या संध्याकाळी भावजी माझ्यासमोर पाटावर बसले. “वहिनी, उद्या साहेब एकेक डाग उचलून विचारील, हा कुणाचा? रंगाचा म्हणालात की त्यावर कर. घरचा म्हणालात तरी शेवटी रंगाच्याच नावावर पडतो. पण सुनेचा म्हणालात की सुटलात. बाईचं स्त्रीधन, त्याला सरकार हात लावत नाही.”

“आणि उद्या ती ते उचलून माहेरी गेली म्हणजे?”

भावजी हसले. “किल्ली कुणाकडे आहे? कागदावर तिचं, पेटीत आपलं.”

मला ते पटलं. कर वाचतो म्हणून पटलं, ते तर होतंच. पण मनात दुसरा हिशेब होता. भास्करच्या घरी खाणारी तोंडं सहा. हातात सोनं असलं तरच शालनला शिक्षण झेपणार होतं, नाहीतर मास्तर बिचारा किती दिवस पुरा पडणार? सोनं माझ्या पेटीत राहिलं की शालन माझ्या घरात राहणार होती. ती राहिली की कुणीतरी म्हणणार होतं, त्यांना असंच लागायचं.

मी तिला हाक मारली. “शालन, उद्या साहेबानं विचारलं, दागिने तुझे का, तर हो म्हणायचं.”

तिनं एकदा भावजींकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “पण आत्याबाई, ते...”

“पणबिण नाही. म्हणायचं.”

ती आत गेली. बरं म्हणाली नाही. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी साहेब आला तो दारातूनच म्हणाला, “बघा अम्मा, येतो म्हणालो होतो, आलो.”

“आलात. न येऊन सांगता कुणाला! बसा.”

बरोबर त्यानं पोतदार नावाचा सराफ आणला होता. पोतदारानं सतरंजीवर काचेच्या पेटीतला छोटा तराजू मांडला आणि वारं लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली. मी पेटी पुढं ओढली, किल्ली लावली. किल्ली लावताना भावजींनी माझ्याकडं बघून पापणी हलवली. मी दुर्लक्ष केलं. मला शिकवायची गरज नव्हती.

“ठुशी,” पोतदार म्हणाला.

“कोणाची?” साहेबानं विचारलं.

“तिची.”

“पाटल्या.”

“तिच्या.”

“मोहनमाळ. जुनी घडण आहे.”

ती माझ्या सासूची. माझ्या लग्नात माझ्या गळ्यात पडली आणि विधवा झाले त्या दिवशी उतरली. “तिची,” मी म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. तंबू अर्धा रिकामा असताना बाहेर हाऊसफुल्लची पाटी लावून बसलेली बाई मी. पाटी लावली की उरलेला अर्धा आपोआप भरतो. माझ्या जिभेला काय?

साहेब लिहीत गेला. शालन पडद्यामागं उभी होती. तिच्या पायाचा अंगठा तेवढा दिसत होता, फरशीवर घट्ट रोवलेला.

सगळं संपलं असं वाटलं तेव्हा साहेबानं वर बघितलं. समोरच्या भिंतीवर रंगा-शालनच्या लग्नातला फोटो होता. त्याला मी हार घातला नव्हता, दोघं जण आहेत त्यात, हार कसा घालणार? साहेब उठून फोटोजवळ गेला. फोटोत बघायचा आणि सतरंजीवर बघायचा. ठुशी, हो. माळ, हो. पाटल्या, हो.

“मंगळसूत्र दिसत नाही,” तो म्हणाला.

मग भावजी खाकरले, खालच्या आवाजात म्हणाले, “ते वाढवलं, साहेब.”

“वाढवलं.” साहेबानं लिहून घेतलं. “केव्हा?”

“आँ?”

“केव्हा वाढवलं?”

“म्हणजे... दहाव्याला. नदीवर.”

साहेबाचं पेन थांबलं. “मृत्यूनंतर?”

“मग काय आधी?” भावजींच्या तोंडून निघून गेलं.

साहेब परत सतरंजीवर येऊन बसला. त्याच्या कपाळावर आठी होती, पण रागाची नाही, गणित न जमणाऱ्या पोराच्या कपाळावर असते तशी. “मृत्यूनंतर वाढवलं, म्हणजे त्यात घातलेलं सोनं मृताच्या मालमत्तेतलं धरावं लागेल. मला तेवढं वेगळं दाखवायला हवं.” त्यानं पेन सावरलं आणि माझ्याकडं बघितलं. “किती तोळ्यांनी वाढवलं, अम्मा?”

त्याची चूक नव्हती. त्याला कुणी शिकवलं असेल, वाढवणं म्हणजे मोठं करणं. पगार वाढतो, पोर वाढतं. बांगडी फुटली की आम्ही वाढली म्हणतो, कुंकू पुसलं की वाढवलं म्हणतो, हे कुठल्या पुस्तकात असणार? वाईट शब्द तोंडातनं काढायचा नाही म्हणून आम्ही त्याच्यावर चांगला शब्द पांघरतो. खाली काय झाकलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि हा बाहेरचा माणूस, वरचं पांघरूण खरं मानून वजन विचारत होता.

पोतदारानं मान खाली घालून तराजूचा काटा पुसायला घेतला. भावजींनी पिशवीतले कागद काढले, परत घातले. मी. आयुष्यभर जिच्या तोंडाला गाव भ्यायलं ती मी, माझ्या हातांकडं बघत राहिले.

नदीवर बायका पुढं झाल्या होत्या. रीत अशी, की हे काम विधवेनं करायचं. मी म्हटलं, माझ्या सुनेच्या गळ्याला परका हात लागायचा नाही. आणि मीच पुढं झाले. तिनं पोत दोन्ही मुठींत धरून ठेवली होती. ओरडली नाही, रडली नाही, नुसती धरून बसली होती. मी ओढली. पोत माझ्याच हातानं ओवलेली, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यात. शिंप्याच्या घरची ओवण. तुटेना. मी पुन्हा ओढली. मागून कुणीतरी म्हणालं, अगं जोरात. मग तुटली, आणि काळे मणी पाण्यात गेले. तिच्या मानेवर वळ उठला. तो महिनाभर होता.

“अम्मा?” साहेब म्हणाला.

पडदा सरला. शालन बाहेर आली. परक्या पुरुषापुढं ती तोवर कधी आली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्याच्यापुढं उभी राहिली.

“साहेब, आमच्यात वाढवलं म्हणजे जास्त केलं असं नाही,” ती म्हणाली. “तसं बोलायची पद्धत आहे. ते आता नाही.”

“नाही म्हणजे?”

ती थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. सांगू दे. खरंच आहे ते.

“तुटलं,” शालन म्हणाली.

साहेबानं पेन खाली ठेवलं. त्याचा चेहरा एकदम काळवंडला. आपण काय विचारलं ते त्याला कळलं होतं. मद्रासकडंही बायका विधवा होतातच. त्यानं दोन्ही हात जोडले, तिला नव्हे, मला नव्हे, मधेच कुठंतरी. मग खालच्या आवाजात म्हणाला, “क्षमा करा. मला शब्द माहीत नव्हता.”

“शब्दाला काय धरायचं,” मी म्हटलं.

आपलं आपण तुटलं, म्हणे. मेणाच्या दोऱ्यातली माझी ओवण. त्या शब्दात कुणाचा हातच नव्हता. त्या पोरीनं माझा हात त्यातनं काढून घेतला होता.

साहेबाला अजून एक विचारायचं होतं आणि ते विचारायची त्याला लाज वाटत होती. पोतदारच पुटपुटला, “त्यातल्या वाट्या, बाई... सोन्याच्या... त्या कुठं?”

मी कनवटीला हात घातला. चिंधीत बांधलेल्या दोन वाट्या होत्या तिथं. पेटीत ठेवायला माझा हात झाला नव्हता आणि तिला द्यायलाही झाला नव्हता, म्हणून त्या अंगावर वागवत होते. चिंधी सोडून मी सतरंजीवर ठेवल्या. एक तिच्या माहेरची, एक आमच्या घरची. कुठली कुणाची, ते आता मलाही सांगता आलं नसतं.

साहेबानं घसा साफ केला. “बाई, हे सगळे दागिने तुमचे, असं तुमच्या सासूबाईंनी सांगितलं आहे. तुम्हीही तसं सांगायला हवं. तुमचे आहेत?”

भावजींनी मान हलवून खूण केली. हो म्हण.

शालननं अंगठा पुन्हा फरशीत रोवला. मला तेव्हा कळलं, की काल ती बरं का म्हणाली नव्हती. माझी अब्रू झाकायला ती आत्ताच खोटं बोलली होती, पण सोन्यासाठी तिच्यानं बोलवत नव्हतं.

“आत्याबाई सांगतील,” ती शेवटी म्हणाली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाहेर अंगणात तंबूची घडी पडली होती. उन्हात तापलेल्या कापडाचा वास आत येत होता, मेणाचा आणि डांबराचा, माझ्या सगळ्या संसाराचा वास. एक टाका सुटला नव्हता त्याचा.

मी कमरेची किल्ली सोडली. नाडी जुनी, गाठ बसलेली, नखांनी निघेना. दातांनी सोडवली. आणि सतरंजीवर ठेवली, त्या दोन वाट्यांशेजारी.

“तिचे आहेत,” मी म्हटलं.

“वहिनी,” भावजी माझ्या कानाशी लागले, “किल्ली कशाला? कागदावर झालं की...”

“भावजी, माझ्या कानात काय कुजबुजता? मला ऐकू येतंय. पेटी तिची आणि किल्ली माझ्या कमरेला, असं कुठं असतं होय? कुलूप बार्शीला आणि चावी वाईला?”

पोतदाराला हसू आलं, ते त्यानं गिळलं. साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग किल्लीकडं, आणि कागदावरचा तो ‘वाढवलं’ शब्द खोडला. खोडून त्याजागी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

जाताना उंबऱ्यात थांबून तो म्हणाला, “येतो, अम्मा.” आता परत यायचं त्याला काही कारण नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“या,” मी म्हटलं.

* * *

वर्षश्राद्धाची वाट मी बघितली नाही. भावजींना सांगून भास्करला पत्र लिहवलं. तो आला, मुकाट्यानं चार घास जेवला, माझ्याकडं बघायला भीत होता. त्याला वाटलं असेल, म्हातारी शेवटच्या घटकेला मोडता घालील. घातलाही असता. रात्री दोनदा उठून मनाशी वाक्यं जुळवली होती मी. सकाळी शालननं माझ्यापुढं ताकाचा पेला ठेवला, मी घोट घेतला, म्हटलं, “आंबट झालंय.” ती पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. मग मी सगळी वाक्यं विसरले.

मालमोटार दारात उभी होती, त्यांना बार्शीच्या गाडीपर्यंत सोडायला. पेटी चढवली. पेटी हलकी होती, तरी भास्करनं दोन्ही हातांनी उचलली. शालन माझ्या पाया पडली. विधवेची ओटी भरत नाहीत आणि विधवेनं कुणाची भरायची नसते, मग आम्ही दोघींनी काय करायचं? मी वाटीतलं दही तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते खाल्लं.

“शालन.”

“हं, आत्याबाई.”

“तिकडं भाकरी नीट भाज. दोन्ही बाजूंनी. माझ्यासारखी कुणी परत करणार नाही, कच्चीच पोटात जाईल.”

ती हसली. सहा वर्षांत मला बघून पहिल्यांदा हसली असेल.

“आणि आता येते म्हणू नकोस,” मी म्हटलं. “जाते म्हण.”

भास्करनं चमकून बघितलं. भावजी म्हणाले, “वहिनी, असं अशुभ काय...” मी हातानं त्यांना गप्प केलं.

“ऐकलंस? जाते म्हण. मोकळेपणानं म्हण. आणि मागं वळून बघू नकोस.”

ती मालमोटारीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली. मानेवरचा पदर वाऱ्यानं सरकला होता. वळ राहिला नव्हता, पण कुठं होता ते मला दिसलं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“येते, आत्याबाई,” ती म्हणाली.

तंबू मी पुढं विकला. वजनावरच गेला. साहेबानं लावला होता त्याच भावानं. मालमोटार भावजींनी चालवली काही वर्षं, मग तीही गेली. शालन नर्स झाली, सोलापुरातच एका कंपाउंडरशी तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, हे सगळं मला कानावरून कळलं. बरं झालं. तसंच व्हायला हवं होतं. ताक मी अजून रोज करते. आंबट झालं की एकटीच पिते.

सहा वर्षं ती पोर माझ्या घरात होती. तिच्या तोंडून मी खोटं ऐकलं ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. एकदा म्हणाली, तुटलं. आणि एकदा म्हणाली, येते.